टेबल कुणाचं, जागा कुणाची

कागदोपत्री बघितलं तर हे घरमालक आणि भाडेकरूमधलं साधं भांडण. मालकाने भाडं वाढवलं, भाडेकरूने जागा सोडली. अशी प्रकरणं रोज होतात. पण इथला भाडेकरू होता फ्रेंच रेस्टॉरंट चालवणारा आंरी सूले, मालक होता हॉलिवूडच्या कोलंबिया पिक्चर्सचा सर्वेसर्वा हॅरी कोहन, जागा न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूपासून चार पावलांवर, आणि भांडणाचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते एक टेबल. बसून जेवायचं टेबल. ही गोष्ट पन्नाशीच्या दशकातली, आणि १९५७ मध्ये तिचा शेवट स्थलांतरात झाला. त्यानंतर तीनच वर्षांत त्याच भाडेकरूच्या भटारखान्यात दुसरं भांडण पेटलं. ते कामाच्या तासांवरून होतं. मॅनहॅटनच्या त्या महागड्या टापूत फ्रेंच रेस्टॉरंटांची जी पिढी पुढची चाळीस वर्षं नांदली, ती कळायची तर ही दोन भांडणं शेजारी शेजारी ठेवून बघावी लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या भांडणात सूले बरोबर होता, दुसऱ्यात चुकला, आणि दोन्ही वेळा तो वागला मात्र अगदी सारखाच.

प्रदर्शनातून रस्त्यावर

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फ्लशिंग मेडोज इथे जागतिक प्रदर्शन भरलं. फ्रान्सच्या दालनात एक रेस्टॉरंट होतं. त्याचा कारभार पॅरिसच्या झाँ द्रुआँकडे, आणि पाहुण्यांच्या बाजूची सगळी जबाबदारी सूलेकडे. सूले तेव्हा छत्तीस वर्षांचा. फ्रान्सच्या नैऋत्य टोकाला, बायोनजवळच्या एका खेड्यातला. पॅरिसमध्ये नाव कमावलेला, पण आचारी नव्हे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तो ‘पुढचा’ माणूस होता, मेत्र द'ओतेल. दारात उभा राहून कोण आलं, कुणाला कुठे बसवायचं, कुणाशी किती बोलायचं हे ठरवणारा. मागे, माशांच्या विभागात, पिएर फ्राने नावाचा अठरा वर्षांचा पोरगा उमेदवारी करत होता.

जून १९४० मध्ये पॅरिस पडलं. मंडळींना परतायला देशच उरला नाही. प्रदर्शन त्याच वर्षी ऑक्टोबरात संपलं. सूले आणि काही सहकारी अमेरिकेत थांबले आणि १५ ऑक्टोबर १९४१ रोजी ईस्ट ५५व्या रस्त्यावर, ५ क्रमांकाच्या जागेत ‘ल पाव्हियाँ’ उघडलं. नाव त्या प्रदर्शनातल्या दालनाचंच. समोर सेंट रेजिस हॉटेल. पर्ल हार्बरला अजून दोन महिनेही नव्हते.

मुहूर्त वाईट वाटतो, पण तसा तो नव्हता. फ्रान्सला जाऊन जेवणं आता श्रीमंतांनाही शक्य नव्हतं. पॅरिसची चव ज्यांच्या जिभेला लागली होती, त्यांच्यासाठी शहरात एकच दार उघडं राहिलं, आणि त्या दारात सूले उभा होता. फ्राने अमेरिकी सैन्यात भरती होऊन युद्धावर गेला, परत आला, पुन्हा त्याच भटारखान्यात रुजू झाला आणि पन्नाशीच्या सुरुवातीला मुख्य आचारी झाला. तोवर ल पाव्हियाँ हे अमेरिकेतलं सर्वोत्तम फ्रेंच रेस्टॉरंट, यावर फारसं कुणाचं दुमत राहिलं नव्हतं.

दाराजवळच्या जागा

आता त्या दालनात शिरून बघू, कारण भांडणाचं मूळ तिथल्या बसण्याच्या व्यवस्थेत आहे.

एरवी रेस्टॉरंटात दाराजवळचं टेबल कुणाला नको असतं. वारा येतो, माणसं ये-जा करतात. ल पाव्हियाँत उलटं होतं. आत शिरताच समोर जी पहिली टेबलं दिसत, त्यांना मान सगळ्यात मोठा. पहिल्या पंगतीचा मान म्हणा ना. तिथे बसलेल्याला आत येणारा प्रत्येक जण बघणार, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला तो बघणार. अनोळखी पाहुणा मात्र मागच्या दालनात रवाना होई. न्यूयॉर्कच्या बोलीत अशा जागेला ‘सायबेरिया’ म्हणत.

गंमत अशी की मेनूवरचे दर दोघांनाही तेच. दाराजवळच्या माणसाला सोल मासा जितक्याला पडे, तितक्यालाच सायबेरियातल्या माणसाला. माशाची प्रतही तीच. म्हणजे सूले विकत काय होता? जेवण तर विकत होताच, पण त्या जेवणावर आणखी एक वस्तू ठेवलेली होती आणि तिची किंमत मेनूवर छापलेली नव्हती. ती पैशांत मिळत नव्हती, म्हणूनच तिला पैशांहून जास्त मोल होतं. ज्या दिवशी एखाद्याने शंभराची नोट सरकवून पुढचं टेबल मिळवलं, त्या दिवशी शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणाऱ्याच्या जागेची किंमतही शंभरावर आली असती. फार तर शंभर. हे सूलेला कुठल्या व्यवस्थापनशास्त्राशिवाय कळत होतं.

मेनूचंही तसंच. छापील मेनू भरजरी. शँपेनमध्ये शिजवलेली कोंबडी, सोलचे प्रकार, ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीचे सॉस. पण खास ओळखीच्या गिऱ्हाइकांना सूले मेनूत नसलेले, फ्रान्समधल्या घरोघरचे साधे पदार्थ खाऊ घाली. हाडामांसाचा आणि भाज्यांचा उकडलेला पो-तो-फ, पांढऱ्या सॉसमधलं वासराचं मांस. श्रीमंत माणूस श्रीमंती जेवण कुठेही जेवतो. ‘आज तुमच्यासाठी घरातलं ठेवलंय’ हे ऐकायला तो ल पाव्हियाँत येत होता.

हा डोलारा सांभाळायला माणसं किती लागत, ते एका पदार्थावरून बघा. पाहुण्याने अख्खा सोल मागवला. भटारखान्यात माशांच्या विभागातल्या आचाऱ्याने तो पिठात घोळवून लोण्यात परतला. सॉस वेगळ्या माणसाच्या ताब्यात. वाढपी लांबट थाळीत मासा घेऊन दालनात येतो, पण तो थेट ताटात येत नाही. टेबलाला लागून एक छोटं चाकांचं टेबल उभं राहतं, गेरिदाँ म्हणतात त्याला. कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख, पाहुण्याला मासा दाखवतो. पाहुणा मान हलवतो. मग उजव्या हातात चमचा आणि काटा, डाव्या हातात दुसरा चमचा. आधी दोन्ही कडांचे बारीक काटे हलकेच दाबून बाजूला. मधल्या कण्यावरून चमच्याच्या कडेने एक सरळ रेघ. वरचे दोन तुकडे डावी-उजवीकडे उलगडतात, काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड उचलला जातो, तुकडे पुन्हा जागेवर बसतात आणि मासा जणू कुणी हात लावलाच नाही असा दिसतो. वर तापलेलं लोणी. सगळं दोनेक मिनिटांत, नाहीतर गार होतं. हे करणाऱ्याच्या मागे एक वाढपी, त्याच्या मागे उष्टी भांडी उचलणारा एक पोरगा. एका माशापायी दालनात तीन माणसं, आणि आत किमान दोन.

या हिशोबात काटकसर बसत नाही. टेबल संध्याकाळभर एकाच पाहुण्याचं, त्याला उठवून दुसरा बसवायचा नाही. माणसं भरपूर, आणि सगळी शिकलेली. सॉसचा पाया असलेलं वासराच्या हाडांचं स्टॉक सकाळपासून चुलीवर. असं रेस्टॉरंट दोन गोष्टींवर तगतं. भाडं आटोक्यात असणं आणि भटारखान्यातली माणसं टिकणं. सूलेच्या बाबतीत आधी पहिली गोष्ट हातची सुटली, मग दुसरी.

कोहनचं टेबल

इमारत कोलंबिया पिक्चर्सच्या ताब्यात आली आणि हॅरी कोहन सूलेचा घरमालक झाला. कोहन हॉलिवूडमधला दरारा असलेला माणूस. दरडावून काम करून घेण्याबद्दल त्याची ख्याती होती. तो ल पाव्हियाँत जेवायला येई आणि त्याला मिळे ते टेबल त्याच्या मते त्याच्या मानाचं नव्हतं. इमारत माझी आणि मी मागे बसायचं? सूलेने टेबल बदललं नाही. भाड्याच्या नव्या बोलणीत रक्कम अशी काही वाढली की सूलेने जागाच सोडली. १९५७ मध्ये ल पाव्हियाँ पार्क ॲव्हेन्यू आणि ५७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, रिट्झ टॉवरमध्ये गेलं.

टेबल आणि भाडं यांचा संबंध इतका सरळ होता का? अशा गोष्टी सांगताना त्यांना धार चढते. घरमालकाला बाजारभावाने भाडं वाढवायचंच असणार, टेबल हे निमित्त असू शकतं. फिफ्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरची जागा, युद्धोत्तर भरभराटीचा काळ, म्हणजे कोहनच्या जागी कुणी शांत स्वभावाचा मालक असता तरी आकडा वर गेलाच असता. पण टेबलाचा भाग खोटा मानायचंही कारण नाही, कारण सूले बाकी सगळ्यांशी तसाच वागत होता.

प्रकरण म्हणून सोडवायचा प्रश्न हा: सूलेने कोहनला पुढचं टेबल द्यायला हवं होतं का?

व्यवहारी माणूस लगेच म्हणेल, द्यायचं की! आठवड्यातून एकदा एक माणूस, एक टेबल, आणि बदल्यात वर्षानुवर्षांचं भाडं आवाक्यात. हिशोब अगदी सोपा. पण मघाचा मुद्दा पुन्हा आठवा. पुढचं टेबल पैशांत मिळत नाही, या एका समजुतीवर बाकीची पुढची टेबलं उभी होती. कोहन टेबल मागत होता तो गिऱ्हाईक म्हणून नव्हे, मालक म्हणून. म्हणजे भाड्यातली सूट हीच त्या टेबलाची किंमत ठरली असती. आणि न्यूयॉर्कच्या त्या वर्तुळात हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. तिथे बसणारी माणसं एकमेकांच्या वकिलांकडेच जात होती.

शिवाय, आणि हे सूलेच्या बाजूने महत्त्वाचं, त्याचं खरं भांडवल जागेत नव्हतं. लाल गुलाब, काचसामान, मखमली बाक हे सगळं उचलून नेता येत होतं. आचारी आणि वाढपी त्याच्याबरोबर येणार होते. गिऱ्हाइकं तर येणारच, दोन रस्ते वर चालत जायचं, बस. कोहनकडे होत्या त्या चार भिंती. सूलेने नाही म्हटलं ते या ताकदीवर, आणि तो जिंकला.

जिंकला तोही कसा! फेब्रुवारी १९५८ मध्ये कोहन वारला. त्याच वर्षी सूलेने ईस्ट ५५व्या रस्त्यावरची जुनी जागा परत घेतली आणि तिथे दुसरं रेस्टॉरंट काढलं, ‘ला कोत बास्क’. भिंतींवर बेर्नार लामोतने रंगवलेली बास्क किनाऱ्यावरच्या बंदरांची चित्रं, म्हणजे सूलेच्या बालपणापासून फार लांब नसलेला समुद्र. तो स्वतः या दुसऱ्या रेस्टॉरंटला गमतीने गरिबांचं पाव्हियाँ म्हणे. तिथे जेवणारे गरीब कोण होते ते तुम्हीच ओळखा.

आता एका माणसाकडे दोन दारं झाली. आणि दोन दारांत एक माणूस उभा राहू शकत नाही.

तासांचा हिशोब

१९५९ च्या शरदात जाक पेपाँ नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच आचारी न्यूयॉर्कला उतरला. त्याआधी फ्रान्सच्या पंतप्रधानांच्या निवासात, द गॉल यांच्याकडेही, त्याने स्वयंपाक सांभाळला होता. काही दिवसांतच तो फ्रानेच्या हाताखाली ल पाव्हियाँच्या भटारखान्यात उभा होता. म्हणजे या घडीला त्या भटारखान्याची ताकद काय होती ते बघा. वर फ्राने, वीस वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनापासूनचा. खाली पेपाँ. अशी जोडी पुढे अमेरिकेत कुणाला एकत्र मिळाली नाही.

आणि १९६० मध्ये सूलेने ती गमावली.

कारण बाहेरून क्षुल्लक वाटेल. खर्च वाढला होता, सूलेला भटारखान्यातले कामाचे तास कमी करायचे होते. फ्रानेने नकार दिला. सूले मागे हटेना. फ्राने बाहेर पडला आणि त्याच्यामागून भटारखान्यातले इतरही. देशातल्या सर्वोत्तम फ्रेंच रेस्टॉरंटचं दार काही काळ बंद राहिलं.

आचाऱ्याच्या बाजूने हिशोब मांडून बघू. तास कमी केले म्हणजे काम कमी झालं असं भटारखान्यात होत नाही. स्टॉक तितकाच वेळ उकळणार. क्वेनेलसाठी, म्हणजे माशाच्या मऊ मुटक्यांसाठी, मासा वाटून, चाळणीतून घासून, बर्फावर ठेवून त्यात साय मिसळायला तितकाच वेळ लागणार, घाई केली तर मिश्रण फाटतं. संध्याकाळी पाहुणे तितकेच येणार. म्हणजे तेच काम कमी तासांत, कमी पगारावर, आणि चव उतरली तर बोलणी मुख्य आचाऱ्याने खायची. दालनात एक वाढपी कमी झाला तर पाहुणा जरा थांबेल. सॉसवरचा माणूस कमी झाला तर सॉस बिघडतो. या फरकाची जाण सूलेला नसेल असं नाही, पण ती जाण पुढच्या माणसाची होती, चुलीपाशी उभं राहणाऱ्याची नव्हे.

आणि खरी चूक इथे आहे. कोहनशी झालेल्या भांडणात सूले ज्या गोष्टीवर ठाम राहिला, ती गोष्ट त्याची होती. टेबल त्याचं, कुणाला द्यायचं तो ठरवणार. भटारखान्यातल्या तासांबाबत तो तितकाच ठाम राहिला, पण ते तास त्याचे नव्हते. कोहनला तो सांगू शकला, तुझ्या भिंती तुला, माझी माणसं माझ्याबरोबर. फ्राने हेच सूलेला सांगून गेला, फक्त आता भिंती सूलेच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी स्वतः वापरलेला डाव समोरून येताना त्याला ओळखू आला नाही.

फ्राने आणि पेपाँ गेले कुठे, हे वाचून हसावं की हळहळावं कळत नाही. ल पाव्हियाँचा एक नेहमीचा गिऱ्हाईक होता हॉवर्ड जॉन्सन, महामार्गांवरच्या नारिंगी छपरांच्या रेस्टॉरंटांच्या साखळीचा मालक. त्याने दोघांना उचललं. याच सुमारास पेपाँला केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये आचारी होण्याबद्दलही विचारणा झाली होती. त्याने ती नाकारली आणि हॉवर्ड जॉन्सनकडे गेला. सुरुवातीला तर त्याने साखळीच्या एका शाखेत साधा आचारी म्हणून तव्यावर काम केलं, व्यवस्था आतून कळावी म्हणून. मग क्वीन्समधल्या मध्यवर्ती भटारखान्यात दोघांनी सुक्या कांद्याच्या चुऱ्याऐवजी खरा कांदा आणला, मार्गारिन या नकली लोण्याऐवजी खरं लोणी, आयत्या पुडीऐवजी ताजं स्टॉक. शिंपल्यांचं सूप हजारो गॅलनांत. मुलाबाळांसह गाडीतून निघालेल्या कुटुंबांना, ज्यांना सूलेने सायबेरियातही बसवलं नसतं, सूलेच्या भटारखान्यातली शिस्त अशी नकळत चाखायला मिळाली. पेपाँ तिथे दहा वर्षं राहिला. कामाचे तास ठरलेले होते.

फुटलेल्या शेंगा

त्याच १९६० मध्ये सूलेच्या दालनातले दोघे, फ्रेद देक्रे आणि रॉबेर मेझाँ, यांनी त्याच्याच भटारखान्यातला रॉजेर फेसागे याला मुख्य आचारी म्हणून घेऊन वेस्ट ५५व्या रस्त्यावर ‘ला काराव्हेल’ उघडलं. त्याच रस्त्यावर, फक्त फिफ्थ ॲव्हेन्यूच्या पलीकडे. जोसेफ केनेडी, म्हणजे भावी राष्ट्राध्यक्षांचे वडील, सूलेचे जुने गिऱ्हाईक. त्यांचं सूलेशी बिनसलं आणि ला काराव्हेलमागे त्यांचं पाठबळ होतं, असं त्या वर्तुळात सांगत आले आहेत. डिसेंबर १९६२ मध्ये सूलेकडेच घडलेल्या शार्ल मासोंने पत्नी झिझेलबरोबर ईस्ट ५२व्या रस्त्यावर ‘ला ग्रनुई’ काढलं, फुलांचे भलेमोठे गुच्छ हीच ज्याची ओळख झाली.

या सगळ्यांनी सूलेकडून काय उचललं? लाल बाक, गेरिदाँ, कॅप्टनची अदब, क्वेनेल, दाराजवळच्या टेबलांचा मान. जवळपास सगळंच. वेगळं असलं तर एवढंच, की दारात उभा राहणारा आणि चुलीपाशी उभा राहणारा यांच्यात आता भागीदारी होती, किंवा निदान रोजचं बोलणं होतं. १९६१ मध्ये ईस्ट ५०व्या रस्त्यावर उघडलेलं ‘ल्यूतेस’ सूलेच्या घराण्यातलं नव्हतं. आंद्रे सुर्मेनने पॅरिसहून आंद्रे सोल्तनेर नावाचा आल्सेसचा आचारी बोलावला होता. पण तिथे ही गोष्ट टोकाला गेली. पुढे सोल्तनेरच मालक झाला, पत्नी सिमोन दारात, तो स्वतः चुलीपाशी, आणि राहायला त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. पांढऱ्या टोपीत बाहेर येऊन पाहुण्यांना ‘आज काय खाणार’ विचारणारा मालक सूलेच्या दालनात कल्पनेतही बसला नसता.

सूले २७ जानेवारी १९६६ रोजी ला कोत बास्कमध्येच हृदयविकाराने गेला. बासष्ट वर्षांचा होता. ला कोत बास्क त्याची साथीदार आंरियेत स्पाल्टर चालवत राहिली आणि १९७९ मध्ये ते झाँ-झाक राशू या आचाऱ्याकडे गेलं. पाव्हियाँ दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि सत्तरीच्या सुरुवातीला बंद पडलं. खोलीत सगळं तेच होतं, फक्त कुणाला कुठे बसवायचं हे ठरवणारी नजर नव्हती. ती नजर त्याने कुणाला शिकवली नव्हती. भटारखान्यात उमेदवारी असते. साफसफाईपासून सुरू करून सॉसपर्यंत पोचायची वाट आखलेली असते, म्हणून आचारी गेला तरी कला राहते. दारातल्या माणसाची उमेदवारी सूलेने ठेवलीच नाही.

२००४ चा वसंत

शेवट तीन महिन्यांत झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये ल्यूतेस बंद. मार्चमध्ये ला कोत बास्क. मे महिन्यात ला काराव्हेल. त्या वेळी लोकांची आवडनिवड बदलली, टाय कुणाला नको, जड सॉस कुणाला नकोत, असं सांगितलं गेलं. ते खरंच आहे, पण मला वाटतं दोन कोरडी कारणं जास्त वजनाची होती.

एक कराचं. या टापूतल्या दुपारच्या जेवणाचं बिल बऱ्याचदा कंपनी भरत असे आणि ते पूर्ण खर्च म्हणून करातून वजा होई. १९८६ च्या कायद्याने ही वजावट ८० टक्क्यांवर आणली, १९९३ च्या कायद्याने ५० टक्क्यांवर. जेवणारा तोच, जेवण तेच, पण ते कंपनीला एकदम महाग पडायला लागलं. संध्याकाळ भरली तरी दुपारची टेबलं ओस, आणि माणसं तर दोन्ही वेळची पोसायची.

दुसरं पुन्हा भाडं. ला ग्रनुई या सगळ्यांहून वीस वर्षं जास्त जगलं, सप्टेंबर २०२४ पर्यंत. तिथली फुलं सुंदर होती, सोल उत्तम होता, हे मान्य. पण इमारत कुटुंबाच्या मालकीची होती. दाराजवळच्या टेबलावर कोण बसेल हे ठरवायला तिथे कुठला कोहन येणार नव्हता.

    

आणि ती मूळची जागा? ला कोत बास्कला ईस्ट ५५वा रस्ता १९९५ मध्येच सोडावा लागला होता. राशूने लामोतची चित्रं, छताच्या काळ्या तुळया उचलल्या आणि फिफ्थ ॲव्हेन्यू ओलांडून वेस्ट ५५व्या रस्त्यावर तशीच खोली पुन्हा उभी केली. नऊ वर्षं ती चालली. मागे राहिलेल्या कोपऱ्यावर १९९६ मध्ये डिस्नेचं भलंमोठं दुकान उघडलं. कोहनच्या काळात तिथला मालक सिनेमावाला होता, आता भाडेकरूही सिनेमावाला आला, आणि आत शिरायला कुणाच्या नजरेची परवानगी लागत नव्हती. दाराजवळ, जिथे पहिल्या टेबलांचा मान होता, तिथे खेळणी मांडली होती.